सल्ला: मंडपाच्या व्यवसायात एआयला कोणते काम द्यावे?

शिरपूर परिसरातील एका वाचक भगिनीने पाठवलेल्या पत्राचा गोषवारा असा आहे: "वडिलांनी उभा केलेला मंडप, भांडी आणि सजावटीचा व्यवसाय मी आणि माझा धाकटा भाऊ सांभाळतो. लग्ने हे मुख्य काम. त्याखेरीज पतसंस्थांच्या वार्षिक सभा, शाळांची स्नेहसंमेलने आणि कृषी प्रदर्शने यांचीही कामे घेतो. गेल्या हंगामात दोन यजमानांनी 'तुम्ही एआयवर डिझाईन करून दाखवत नाही का?' असे विचारले आणि काम दुसऱ्या इव्हेंटवाल्याला दिले. आता एक विक्रेता वार्षिक पॅकेज घेण्याचा आग्रह करतो आहे. त्यात व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तरे, पाहुण्यांच्या संख्येचा अंदाज आणि चेहरा ओळखून फोटोवाटप असे सर्व काही आहे. पैसे मात्र वर्षभराचे आगाऊ द्यायचे आहेत. भाऊ म्हणतो, घेतले नाही तर आपण मागे पडू. घरचे वडीलधारे नाना म्हणतात, आपला धंदा शब्दावर चालतो, यंत्रावर नाही. आमचे दिवाणजी अनेक वर्षांपासून हिशेब आणि कोटेशन लिहितात. त्यांना घरी बसवण्याची वेळ येईल का, या विचाराने मला झोप लागत नाही. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

हे पॅकेज तूर्त घेऊ नका. एआय वापरायला मात्र आजपासूनच आरंभ करा. जे काम यजमानाच्या हाती पडण्यापूर्वी तुमच्यापैकी कोणीतरी ते वाचून, मोजून आणि पारखून घेऊ शकतो, ते एआयला द्यावे. जे तुमच्या नकळत थेट यजमानापर्यंत पोहोचते, ते देऊ नये, असा माझा सल्ला आहे. नाना ज्याला शब्द म्हणतात तोच तुमच्या व्यवसायाचा खरा ठेवा आहे, आणि तो शब्द कोणी द्यावा याचा निर्णय आधी झाला की यंत्राला कोणते काम द्यायचे हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर गूगलचे जेमिनी, मेटाचे एआय अशी साधने आपल्या फोनवर आली. ही साधने अफाट मजकुरावरून शिकलेली असतात आणि पुढे कोणता शब्द येणे अधिक संभवते याचा अंदाज करत वाक्ये रचतात. त्यामुळे त्यांची भाषा सफाईदार असते. परंतु सांगितलेली गोष्ट खरी आहे की नाही याची शाश्वती त्या सफाईवरून मिळत नाही, आणि चुकीचा आकडाही ती तितक्याच ठामपणे लिहितात. कोटेशनसोबतचे पत्र, पतसंस्थेच्या सभेची मिनिटागणिक कार्यक्रमपत्रिका, एखाद्या कंपनीच्या इंग्रजी ईमेलला उत्तर, सामान चढवताना तपासायची यादी अशा कामांसाठी यांची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. दर, तारखा आणि नावे तुम्ही स्वतः भरा आणि पाठवण्यापूर्वी कोणीतरी एकदा मोठ्याने वाचा. याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. आठवडाभरात हे अंगवळणी पडेल.

चित्रांविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण तुमची दोन कामे त्याच कारणाने गेली आहेत. राजवाड्यासारखा मंडप दाखवणारे चित्र पाच मिनिटांत तयार करणे आता कोणालाही जमते. परंतु लोखंडी पाईप किती लांबीचा मिळतो, भिजलेल्या कापडाचे वजन किती होते, मधल्या खांबाविना किती अंतर झाकता येते, यांतले काहीही त्या यंत्राला मोजता येत नाही. त्याने पाहिलेल्या असंख्य छायाचित्रांच्या धर्तीवर ते एक देखणे दृश्य रंगवते. मध्ये एकही खांब नसलेले प्रशस्त छत, त्याला लटकलेली काचेची जड झुंबरे आणि प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत ताज्या ऑर्किडच्या भिंती चित्रात शोभून दिसतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारनंतर वावटळी उठतात आणि एखाद्या संध्याकाळी वळवाचा पाऊस कनाती उपटून नेतो. त्या उन्हात ती फुले दुपारच्या मुहूर्तापूर्वीच माना टाकतील आणि त्या वाऱ्यात ते छत माणसांच्या डोक्यावर येण्याची भीती राहील. चित्र पाहून हरखलेला यजमान नंतर प्रत्यक्ष मांडव पाहून नाराज झाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल तो दादही मागू शकतो. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की पंचक्रोशीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होईल: यांनी दाखवले एक आणि उभे केले दुसरे.

तुमच्याकडे जे आहे ते त्या प्रतिस्पर्ध्यापाशी कदाचित नसेल: वर्षानुवर्षांच्या मांडवांची छायाचित्रे आणि गोदामातल्या सामानाची पक्की माहिती. चित्र करताना यंत्राला रिकाम्या जागेचा खरा फोटो द्या, तुमच्या गोदामातील कमानी, झालरी, गालिचे आणि दिवे यांचे फोटो द्या, जागेची लांबी-रुंदी सांगा आणि याच साहित्यातून रचना दाखवण्यास सांगा. तयार झालेले चित्र यजमानाच्या आधी, मांडव प्रत्यक्ष उभा करणाऱ्या मुकादमाला दाखवा आणि हे उभे राहणार नाही असे तो म्हणाला, तर त्याचा शब्द अखेरचा माना. त्यानंतरच ते यजमानाकडे जावे, तेही चित्रावर 'कल्पनाचित्र' असे ठळक लिहून आणि कोणते साहित्य किती वापरले जाईल याची यादी सोबत जोडून, त्या यादीवर यजमानाची सही घेऊन. असे चित्र दिसायला कदाचित थोडे साधे असेल, परंतु लग्नाच्या दिवशी मांडव त्याच्यासारखाच दिसेल, आणि पुढचे काम मिळवून देण्यासाठी तेवढे पुरते.

लग्नपत्रिका आणि स्वागतफलक यांबाबतीत एक तांत्रिक सूचना आहे. चित्र बनवणारी एआय साधने अक्षरांनाही चित्राचाच भाग समजून रेखाटतात, त्यामुळे देवनागरीतील जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या वारंवार बिघडतात. नवरदेवाच्या आडनावातील एखादे अक्षर चुकलेला फलक मांडवाच्या दारात लागला, तर ती चूक त्या घराच्या कायम लक्षात राहते. म्हणून पार्श्वभूमी हवी तर एआयची घ्या, पण अक्षरे तुमच्या गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून नेहमीच्या मराठी फॉन्टमध्ये बसवून घ्या आणि छपाईपूर्वी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांपैकी एकेकाला वाचायला द्या. सूत्रसंचालनाच्या मजकुरासही हेच लागू आहे. एआय प्रसिद्ध कवींच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेल्या ओळी बेधडक खपवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या खानदेशातल्या अमळनेरला झाले. अशा मुलखात घरोघरी ओव्या पाठ असलेल्या आयाबाया पहिल्या रांगेत बसलेल्या असताना निवेदकाने बनावट ओवी म्हणावी, हे मला तरी सहन होणार नाही. निवेदकाला कार्यक्रमाचा क्रम आणि मानकऱ्यांची नावे एआयकडून मांडून द्यावीत, बोलणे मात्र त्याचे त्याने करावे.

पाहुण्यांच्या संख्येचा अंदाज हा विक्रेत्याच्या पॅकेजमधला सर्वात आकर्षक भाग असावा, कारण अन्न उरले तर यजमान हळहळतो आणि कमी पडले तर मान जातो. परंतु असा अंदाज मागील नोंदींवरून केला जातो, आणि आपल्याकडे संख्या ठरवणाऱ्या गोष्टी कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेल्या नसतात. आमंत्रण चूलबंद आहे की घरटी एक माणूस, त्याच दिवशी शेजारच्या गावात भाऊबंदांपैकी आणखी कोणाचे लग्न आहे का, कापसाला त्या वर्षी भाव काय मिळाला, जेवणात शेवभाजी-पुरी आहे की दालबट्टी, मुहूर्त दुपारचा आहे की गोरज, या सर्वांवर उठणारी ताटे अवलंबून असतात.

शिवाय हंगाम आपल्याकडे पंचांगावर चालतो आणि यंत्र साधारणतः इंग्रजी तारखांवरून हिशेब करते. २०२६ चाच दाखला घ्या. त्या वर्षी १७ मे ते १५ जून हा काळ अधिक ज्येष्ठाचा, म्हणजे ऐन उन्हाळी लग्नसराईतला महिनाभर मुहूर्त नाहीत. त्याआधीचा अधिक मास २०२३ मध्ये श्रावणात, १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा, चातुर्मासात आला होता, तेव्हा लग्ने नसतातच. मग केवळ मागच्या चार-पाच वर्षांच्या नोंदी दिल्या, तर मे महिन्याच्या अखेरीस गोदाम रिकामे होईल इतकी मागणी असेल असाच अंदाज त्यातून निघणार. २०१८ मध्ये मात्र अधिक ज्येष्ठच होता, १६ मे ते १३ जून, आणि त्या उन्हाळ्यात कामे कशी पुढे-मागे सरकली हे तुमच्या दिवाणजींच्या जुन्या वहीत नोंदलेले सापडेल. मुहूर्तासाठी पंचांग आणि पुरोहित यांनाच विचारावे. एआयला तिथी विचारली तर ते कोणतीही तिथी खात्रीने सांगू शकते.

म्हणून अंदाज विकत घेण्याआधी नोंदी तयार करा. मागील हंगामांतील प्रत्येक कार्याची तारीख, तिथी, वार, गाव, आमंत्रणाचा प्रकार, यजमानाने सांगितलेली संख्या, प्रत्यक्ष उठलेली ताटे आणि उरलेले अन्न असे रकाने करून वहीतली माहिती संगणकाच्या तक्त्यात उतरवा. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यास वेळ लागेल. तरीही या संपूर्ण उत्तरात सर्वात मोलाचे काम मी कोणते मानत असेन, तर हेच. तो तक्ता तयार झाल्यावर त्यातील यजमानांची नावे आणि फोन क्रमांक काढून टाका आणि मग एआयला विचारा की सांगितलेल्या आणि आलेल्या संख्येत कोठे सातत्याने फरक पडतो. जे उत्तर येईल ते आचाऱ्यासमोर ठेवा. किराण्याची यादी शेवटी त्यानेच द्यायची आहे.

आता व्हॉट्सॲपवरच्या आपोआप उत्तरांविषयी. तारीख मोकळी आहे की नाही आणि दर काय पडेल, ही दोन उत्तरे यंत्राने देऊ नयेत, याबाबत मी ठाम आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाडेसवलतीविषयी चुकीची माहिती दिली होती. बॉटच्या बोलण्याची जबाबदारी आपली नाही हा कंपनीचा बचाव कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्याकडे तर एका मुहूर्तावर दोन यजमानांना होकार गेला, तर भरपाई देऊनही नामुष्की टळणार नाही. भाषेची अडचणही आहे. 'तारीख मोकयी शे का' असे अहिराणीत विचारणारा आवाजी निरोप मराठीवर शिकलेले यंत्र नीट समजेलच असे नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला 'भाषिणी' हा भाषांतराचा उपक्रम मुख्यतः राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांसाठी आहे आणि त्यांत अहिराणी नाही. नंदुरबारकडच्या यजमानांची पावरी किंवा मावची बोलीही नाही. रात्री उशिरा आलेल्या निरोपास 'तुमचा निरोप मिळाला, सकाळी दहापर्यंत फोन करतो' एवढेच ठरावीक उत्तर जावे. ही सोय व्हॉट्सॲपच्या व्यवसायासाठीच्या ॲपमध्ये विनामूल्य आहे आणि तिच्यासाठी एआयची गरजही नाही.

चेहरा ओळखून फोटो देण्याची सुविधा सोयीची आहे हे मी मान्य करते. पाहुणा स्वतःचा सेल्फी पाठवतो आणि हजारो फोटोंतून त्याचे फोटो त्याला मिळतात. पण ते घडण्यासाठी मांडवातल्या प्रत्येकाचा चेहरा कोणत्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर मोजला आणि साठवला जातो, आणि त्यात हळदीला बसलेल्या बायका असतात, लेकरे असतात, ज्यांना कोणी विचारलेले नसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याचा पाया संमती हा आहे, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. एवढा दंड छोट्या व्यावसायिकाला होईल असे मी म्हणत नाही, परंतु कायदा हा विषय किती गंभीर मानतो हे त्यावरून कळावे. यजमानाने स्वतः मागणी केली, त्याच्याकडून लेखी संमती मिळाली, प्रवेशद्वारावर तशी मराठी सूचना लावली आणि फोटो किती दिवसांनी कायमचे पुसले जातील हे करारात आले, तरच ही सुविधा द्यावी. हळदीचे आणि केवळ स्त्रियांच्या कार्यक्रमांचे फोटो त्यात कधीही घालू नयेत.

तुम्ही विचारले नाही, तरी एका मागणीबद्दल सावध करते, कारण ती तुमच्याकडे येणारच आहे. प्रसिद्ध गायकाच्या आवाजात वधूवरांच्या नावांचे गाणे करून द्या, असे यजमान म्हणतील. अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआयद्वारे नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई केली आहे. ते काम नम्रपणे नाकारा आणि त्याऐवजी परिसरातल्या एखाद्या अहिराणी गायकाचे नाव सुचवा. याहून नाजूक मागणी दिवंगत आजोबांचा फोटो बोलता करून त्यांच्याकडून नातीला आशीर्वाद देववण्याची असते. हे तंत्राने शक्य आहे आणि काही कुटुंबांना त्यातून खरोखर समाधान मिळते. पण त्या घरात आजी हयात असते, तिला आधी काही सांगितलेले नसते, आणि भर मांडवात पडद्यावर अकस्मात ते बोलू लागतात. तिची पूर्वसंमती, तीही चित्रफीत स्वतः पाहून दिलेली, मिळाल्याशिवाय हे काम घेऊ नका. तिने नको म्हटले, तर मागणी करणाऱ्या नातवंडांचे मन मोडले तरी चालेल.

मोठ्या गर्दीच्या कामांविषयी थोडक्यात सांगते. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभमेळ्यात गर्दी मोजण्यासाठी एआय कॅमेरे लावलेले होते आणि तरीही २९ जानेवारीच्या पहाटे झालेल्या चेंगराचेंगरीत किमान ३० भाविकांचा मृत्यू झाला. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या किंवा प्रदर्शनासारख्या ठिकाणी काम घेताना कॅमेऱ्यांआधी दोन वेगळी दारे, रुंद वाटा आणि दारावर शिट्टी घेऊन उभी राहणारी माणसे यांचा खर्च कोटेशनमध्ये धरा.

राहिले दिवाणजी. मांडव चढवणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वाढणाऱ्या माणसांचे काम एआय हिरावणार नाही. ज्यांचे काम कागदावरचे आहे त्यांचे हिरावण्याचा धोका खरा आहे, आणि तो नाही असे सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. कोटेशन लिहिण्यास पूर्वी लागत असे तेवढा वेळ आता लागणार नाही. पण वर सांगितलेला तक्ता त्यांच्याशिवाय होणे नाही, कारण कोणत्या वर्षी कोणाच्या लग्नात सांगितले किती आणि जेवले किती, कोणता यजमान बयाणा वेळेवर देतो आणि कोणाकडून उरलेली रक्कम मांडव सोडण्याआधीच घ्यावी लागते, हे वहीत निम्मे आणि त्यांच्या स्मरणात निम्मे आहे. तुमच्या भावाने त्यांच्याशेजारी बसून ते उतरवावे. यंत्राने लिहिलेले प्रत्येक कोटेशन त्यांच्या सहीशिवाय बाहेर जाऊ नये. तपासणी हेच त्यांचे नवे काम आणि पगार आहे तोच. हे त्यांच्याशी तुम्ही किंवा भावाने बोलू नये, नानांनी बोलावे, आणि विक्रेत्याची पुढची भेट होण्यापूर्वी बोलावे, म्हणजे दुकानात नवीन माणूस लॅपटॉप उघडून बसलेला पाहून त्यांना काही वेगळे वाटणार नाही.

विक्रेत्याला एवढेच सांगा की वर्षाचे आगाऊ पैसे आम्ही देणार नाही. महिन्याच्या बोलीवर, एकाच सुविधेसाठी, आणि तीही तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन छोट्या कार्यांत वापरून पाहू. आमच्या यजमानांची माहिती कोणत्या देशातील सर्व्हरवर राहील, ती तुमचे यंत्र शिकवण्यासाठी वापरली जाईल का, करार संपल्यावर ती किती दिवसांत पुसली जाईल आणि यंत्राच्या चुकीमुळे झालेले नुकसान कोण सोसेल, या चार प्रश्नांची उत्तरे त्याच्या कंपनीच्या कागदावर सहीनिशी मागा. ती मिळाली नाहीत, तर करारावर सही करू नका, मग तो दरात कितीही सूट देवो.